यंत्रात बोटं गेली, आता भरपाईचं काय? पहिल्या कागदापासून पैसे हातात येईपर्यंत

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर. कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसवर बोटं गमावलेला कामगार शोधायला फार हिंडावं लागत नाही. त्यातल्या अनेकांना कायद्याने बसणारी भरपाई मिळालेली नसते; मालकाने किंवा ठेकेदाराने खुशीने जे टेकवलं तेवढंच मिळालेलं असतं. खरं तर इथे कायदा कामगाराच्या बाजूने बराच भक्कम आहे. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढं दाखवलं की मालकाची जबाबदारी लागते. तरीही दावे पडतात, आणि पुष्कळदा कायद्याच्या मुद्द्यावर नाही, तर पहिल्या आठवड्यात तयार झालेल्या किंवा तयार न झालेल्या कागदांवर पडतात. म्हणून या लेखात कलमांइतकंच कागदांबद्दल आहे.

दवाखान्यात काय सांगितलं गेलं

अपघातानंतर जखमी माणसाला सुपरवायझर किंवा ठेकेदाराचा माणूस दवाखान्यात नेतो. तिथे डॉक्टर विचारतात, "कसं झालं?" आणि पुष्कळदा उत्तर जखमी माणूस देतच नाही, सोबत आलेला देतो: "घरी पडला", "गाडीवरून घसरला". सबब अशी सांगितली जाते की पोलीस केस झाली तर उपचाराला उशीर होईल, कंपनीचं नाव आलं तर खर्च कंपनी करणार नाही. केसपेपरवर लिहिलेलं हे एक वाक्य दोन वर्षांनी उलटतपासणीत समोर येतं आणि सगळा दावा त्यापाशी अडतो.

तेव्हा शुद्धीत असाल तर स्वतः सांगा, नसाल तर घरच्या माणसाने सांगावं: कोणत्या कंपनीत, कोणत्या यंत्रावर, किती वाजता. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, झाली का ते विचारा. पोलीस जबाब घ्यायला आले तर तेच सांगा, आणि सही करण्याआधी जबाब वाचून घ्या. चुकीची नोंद आधीच झाली असेल तर गप्प बसू नका. त्याच आठवड्यात दवाखान्याला लेखी अर्ज देऊन खरी हकिकत कळवा आणि पोच घ्या. जुनी नोंद खोडली जाणार नाही, पण हरकत वेळेत घेतल्याचा पुरावा उरतो.

डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिलं, जखमेचे फोटो जपून ठेवा. बिलं मूळ ठेवा, कारण उपचाराचा प्रत्यक्ष खर्च २००९ च्या दुरुस्तीपासून भरपाईव्यतिरिक्त वेगळा मिळतो. कंपनीच्या माणसाने "क्लेमसाठी लागतात" म्हणून मूळ कागद मागितले तर झेरॉक्स द्या.

आधी ईएसआय बघा

वकिलाकडे जाण्यापूर्वी पगाराच्या स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात आहे का ते पाहा. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि योजना लागू असलेल्या ठिकाणच्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. तुम्ही विमाधारक असाल तर भरपाई मालकाकडून नाही, कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून घ्यायची. दोन्हीकडून घेता येत नाही.

ईएसआयमध्ये काम बंद असताना रोजच्या सरासरी वेतनाच्या सुमारे ९० टक्के मिळतात. कायमचं अपंगत्व राहिलं तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती घटली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम सुरू होते. मृत्यू झाला तर अवलंबितांना निवृत्तिवेतन मिळतं. यासाठी मालकाने अपघाताचा अहवाल महामंडळाकडे पाठवायचा असतो. तो पाठवत नसेल तर शाखा कार्यालयात स्वतः लेखी कळवा. मंडळाने टक्केवारी कमी लावली असं वाटलं तर दाद मागता येते. तिथे वकिलाचा उपयोग होतो.

लहान कारखान्यांत चालणारा एक प्रकार सांगायला हवा. कामगार सहा महिने बिननोंदीचा राबत असतो आणि अपघाताच्या दिवशी घाईघाईने त्याचं नाव ईएसआयमध्ये चढवलं जातं, रुजू झाल्याची तारीख आदल्या दिवसाची दाखवून. त्यामुळे तुमच्या क्रमांकाची नोंदणी कोणत्या तारखेला झाली ते पाहा आणि वकिलाला सांगा. मालकाने वर्गणी भरली नाही एवढ्यावरून कामगाराचा हक्क बुडत नाही, पण दाद कुठे मागायची हे या तारखेवर ठरू शकतं.

ईएसआय नसेल तर

मग लागतो कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३. पूर्वी यालाच 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन' म्हणत, आणि जुन्या कामगारांच्या तोंडी अजूनही तेच नाव आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे आणि तिच्या सातव्या प्रकरणात हा विषय गेला आहे. त्याआधीचे अपघात जुन्या कायद्याखाली चालतात. सांगाडा दोन्हीकडे बराचसा सारखाच आहे. भरपाईच्या दाव्याचा निकाल देणाऱ्या 'आयुक्तां'ऐवजी नव्या व्यवस्थेत 'सक्षम प्राधिकारी' म्हणतात. खाली दिलेले आकडे आणि मुदती १९२३ च्या कायद्यातल्या आहेत. अपघात नंतरचा असेल तर वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा की अर्ज कशाखाली जाणार.

"मी कायम नाही, कंत्राटी आहे, मला कोण देणार?" हा प्रश्न हमखास येतो. कंपनीच्या नेहमीच्या कामासाठी ठेकेदारामार्फत माणसं लावली असतील आणि अपघात कंपनीच्या आवारात झाला असेल, तर भरपाई मूळ कंपनीकडून मागता येते. नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करणं हा कंपनीचा प्रश्न. ठेकेदार बहुतेक वेळा फोन बंद करून बसतो, म्हणून अर्जात दोघांनाही गैरअर्जदार करायचं. रोजंदारीवरचा माणूसही २००० च्या दुरुस्तीपासून कायद्याबाहेर राहिलेला नाही.

मालक दुसरी ढाल पुढे करतो: "चूक त्याचीच होती." साधी चूक, बेसावधपणा, थकवा यांनी हक्क जात नाही. अपवाद तीनच आहेत: दारू किंवा नशेच्या अमलाखाली असणं, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडणं, आणि सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढणं. प्रेसचा सेन्सर उत्पादन वाढवायला सुपरवायझरनेच बंद करून ठेवलेला असेल तर तो तिसरा अपवाद कामगाराच्या माथी मारता येत नाही. मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हे तिन्ही अपवादसुद्धा मालकाला वाचवत नाहीत.

कामावर जाता-येतानाच्या अपघाताचं काय? मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला दुचाकीवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये व व्याज मंजूर केलं, उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा कायम केलं. प्रवासाची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर असा अपघातही कामाच्या ओघातलाच धरायचा, असा त्या निकालाचा अर्थ. नव्या संहितेत तर हे सरळ लिहिलेलंच आहे.

ट्रक-टेम्पोचे चालक आणि क्लीनर यांना दोन दारं उघडी असतात: मोटार अपघात दावा न्यायाधिकरण किंवा हा कायदा. पण दोन्हींतलं एकच निवडता येतं, आणि निवड चुकली तर लाखांचा फरक पडतो. न्यायाधिकरणात रकमेला वेतनाची मर्यादा नाही, पण तिथे कोणाची चूक हा वाद येतो. एकट्याने ठरवायची ही गोष्ट नव्हे.

नोटीस आणि पुरावे

अपघाताची लेखी नोटीस मालकाला शक्य तितक्या लवकर द्यायची. नाव, पत्ता, तारीख, वेळ, जागा, यंत्र आणि जखम साध्या मराठीत एका पानावर लिहा आणि स्पीड पोस्टाने पाठवा. पोच जपा. व्हॉट्सॲपवर सुपरवायझरला पाठवलेला मेसेज पुरावा म्हणून कामी येतो, पण तो नोटिशीची जागा घेत नाही. मालकाला अपघात आधीच माहीत होता असं दिसलं तर नोटीस नसल्याने दावा पडत नाही. तरीही पोस्टाचे पैसे वाचवू नका.

नोटीस मिळाल्यावर मालक तीन दिवसांत स्वतःच्या खर्चाने डॉक्टरकडून तपासणी करून घेऊ शकतो. त्याला कारणाशिवाय नकार देऊ नका, तेवढ्यापुरता हक्क स्थगित होतो.

नोकरी सिद्ध करणं हे सर्वांत कष्टाचं काम. स्लिप असेल तर प्रश्न नाही. नसेल तर गेटपास, ओळखपत्र, हजेरी कार्डाचा फोटो, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, पीएफचा क्रमांक, ठेकेदाराशी झालेलं पैशांचं बोलणं, सोबत काम करणाऱ्यांची नावं गोळा करा. साक्षीदार आज मिळतो तो सहा महिन्यांनी मिळेलच असं नाही. परप्रांतीय सहकारी गावी निघून जातो, स्थानिक माणूस नोकरीच्या भीतीने मागे सरतो. म्हणून फोन नंबर आणि गावचा पत्ता आताच घ्या. मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार द्या. निरीक्षकाने चौकशी केली असेल तर तिचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतो आणि तो फार वजनदार कागद ठरतो.

स्टॅम्प पेपरवर सही

जखम भरत आली की मालकाचा निरोप येतो. पन्नास हजार, लाख, कधी "कायम हलकं काम देऊ" असं तोंडी आश्वासन, आणि 'माझी काही तक्रार नाही' असा मजकूर असलेला स्टॅम्प पेपर. घरात पैसे संपलेले असतात, सही होते.

या सहीला मालक समजतो तेवढी किंमत नाही. हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. तडजोड करायचीच तर तिची आयुक्तांकडे नोंदणी व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली किंवा फसवणूक, दबाव दिसला तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदणी न केलेल्या तडजोडीत दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक वजावट मालकाला सहसा मिळत नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते. विधवेच्या हातात थेट दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची उचल एवढाच अपवाद. सही आधीच झाली असेल तरी वकिलाकडे जा. कोऱ्या कागदावर मात्र काही झालं तरी सही नको, कारण त्यावर पुढे 'राजीनामा' उमटतो.

वकील कसा आणि कुठे

वकिलाशिवायही अर्ज करता येतो. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अर्ज आयुक्तांच्या देखरेखीखाली तयार करून द्यावा अशी तरतूदच आहे, आणि नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारी तुमच्या वतीने हजर राहू शकतो. पण मालकाने विमा उतरवलेला असेल तर समोर विमा कंपनीचा रोज हेच काम करणारा वकील असतो. डॉक्टरची साक्ष आणि उलटतपासणी आली की एकट्याचा निभाव लागणं अवघड.

पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानुसार औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, हा समज सोडा. मात्र पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल, हे खरं.

स्वतः वकील निवडत असाल तर त्याने कामगार न्यायालयात भरपाईचे दावे चालवलेत का ते विचारा. जमिनीच्या खटल्यातला नामांकित वकील इथे कामाचा असेलच असं नाही. फी आधी ठरवा, लिहून घ्या. "मिळेल त्यातले तीस टक्के" ही पद्धत सर्रास चालते, पण बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी किंवा रकमेत वाटा ठरवता येत नाही. दवाखान्याच्या दारात कार्ड वाटणारा दलाल तर दोन्हीकडून खातो. वकीलपत्रावर सही करा. कोरे चेक, पासबुक, एटीएम कार्ड कुणाच्याही हातात देऊ नका.

रक्कम कशी निघते

हे स्वतःला करता आलं पाहिजे. मासिक वेतनाचे ६० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला घटक, ही झाली कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. मृत्यूसाठी ६० च्या जागी ५० टक्के. वेतन कितीही असलं तरी हिशोबासाठी ते जास्तीत जास्त १५,००० धरतात. ३ जानेवारी २०२० पूर्वी ही मर्यादा ८,००० होती. घटक वय वाढेल तसा घटतो: २० व्या वर्षी २२४.००, ३० व्या वर्षी २०७.९८, ४० व्या वर्षी १८४.१७, ५० व्या वर्षी १५३.०९.

समजा, २०२४ मध्ये ३० वर्षांच्या, १८,००० पगाराच्या कामगाराचा अंगठा प्रेसमध्ये गेला. १५,००० चे ६० टक्के ९,०००. त्याला २०७.९८ ने गुणलं की १८,७१,८२०. कोणत्या इजेला किती टक्के हे सांगणारी यादी, म्हणजे अनुसूची, कायद्याला जोडलेली आहे; तिच्यात अंगठ्यासाठी ३० टक्के आहेत, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के, म्हणजे ९,३५,९१०. आता स्टॅम्प पेपरवरचे पन्नास हजार आठवा.

पण अनुसूचीतली टक्केवारी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यासाठी हे पूर्ण अपंगत्व, असं न्यायालयाने मान्य केलं. चांगला वकील इथेच कळतो. तुम्ही अपघाताच्या वेळी नेमकं कोणतं काम करत होता आणि ते आता करता येतं का, हे तो अर्जात, तुमच्या साक्षीत आणि डॉक्टरच्या तोंडून आणतो. अनुसूचीत नसलेल्या इजांमध्ये, उदाहरणार्थ मणक्याला मार, डॉक्टरने कमाईच्या क्षमतेची घट सांगावी लागते. सरकारी अपंगत्व प्रमाणपत्रावरचा आकडा शरीराचा असतो, कमाईचा नसतो. डॉक्टर साक्षीला आलेच नाहीत तर प्रमाणपत्र नुसतं फाइलला लागून राहतं, म्हणून साक्षीला येतील असेच डॉक्टर बघा.

पगार सिद्ध होत नसेल तर त्या धंद्याचं किमान वेतन पुढे करता येतं. जखम पुढे बरी होणारी असेल तर तेवढ्या काळापुरते दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के मिळतात.

महिनाभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं आणि सबळ कारणाशिवाय टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या अंगठ्याच्या उदाहरणात व्याजच वर्षाला ६७ हजारांच्या पुढे जातं. विमा कंपनी मुद्दल आणि व्याज देते, दंड मालकाच्या खिशातून जातो. मालकाला तडजोडीच्या टेबलावर आणताना ही गोष्ट बरीच उपयोगी पडते. अर्जात व्याज आणि दंड दोन्ही स्पष्ट मागा.

अर्ज, तारखा, निकाल

अपघातापासून दोन वर्षांत अर्ज व्हायला हवा. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. महाराष्ट्रात काही ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश, तर काही ठिकाणी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश आयुक्त म्हणून बसतात. अपघात चाकणला झाला असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नांदेडला किंवा लातूरलाही अर्ज करता येतो. बोटं गेल्यावर गावी परतलेल्या माणसाला ही सोय फार मोठी आहे. उलट बाजूही आहे: साक्षीदार आणि कारखान्याचे कागद चाकणला असतील तर तिथेच लढणं सोपं जातं. विमा पॉलिसी असल्याचं कळलं असेल तर विमा कंपनीलाही अर्जातच सामील करा.

त्यानंतर समोरच्यांचं लेखी म्हणणं, मुद्दे, तुमचं प्रतिज्ञापत्र, उलटतपासणी, डॉक्टर, मालकाचे साक्षीदार आणि युक्तिवाद. कायदा तीन महिन्यांत निकाल द्या म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं लागतात. तारखेला जा. वकील गेला तरी तुम्ही जा. उलटतपासणीत ठरलेले प्रश्न येतात: तुम्ही तिथे कामालाच नव्हता, दारू प्यायला होता, आता दुसरीकडे कामाला जाता. अपघातानंतर पोटासाठी हलकं काम धरलं असेल तर लपवू नका. आधी किती मिळत होतं आणि आता किती, हे सरळ सांगा.

मध्येच लोकअदालतीचा प्रस्ताव आला तर वरचा हिशोब कागदावर मांडून बसा. लवकर मिळणाऱ्या पैशासाठी थोडं सोडायला हरकत नाही, पण किती सोडतोय ते आकड्यात दिसलं पाहिजे.

निकालाविरुद्ध ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील होतं, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. मालकाला आधी संपूर्ण रक्कम आयुक्तांकडे जमा करावी लागते. अपील दाखल झालं की लगेच जमा रक्कम काढायला परवानगीचा अर्ज करायला वकिलाला सांगा; हमीवर काही भाग मिळू शकतो. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, अशी स्थिती असेल तर वसुलीचा अर्ज करायचा. मग रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसील कार्यालयाकडून मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. तहसीलमध्ये हे प्रकरण मागे पडतं, म्हणून वसुली दाखल्याची प्रत घेऊन तिथल्या कारकुनाकडे फेऱ्या माराव्या लागतात.

रक्कम मंजूर झाली की ती थेट तुमच्या नावच्या बँक खात्यात मागा. मृत्यूच्या प्रकरणात आयुक्त प्रत्येक अवलंबिताचा हिस्सा ठरवतात आणि अल्पवयीन मुलांचा हिस्सा बहुधा मुदत ठेवीत ठेवला जातो. शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी त्यातून मुदतीआधी रक्कम हवी असेल तर आयुक्तांकडे अर्ज करता येतो. या रकमेवर सावकार किंवा कुणी देणेकरी कायद्याने टाच आणू शकत नाही.